पावसाळी कोल्हापूर ते बॅरेंट्स समुद्र: एका सीझमिक फेरीची रोजनिशी

दिवस 1, कोल्हापूर

जुलैचा पहिला आठवडा. ही फेरी नॉर्वेच्या उत्तरेच्या ध्रुवीय समुद्रात तेल शोधणाऱ्या सीझमिक, म्हणजे भूकंपीय सर्वेक्षणाच्या जहाजावरची. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा चढायला लागली (39 फूट इशारा, 43 फूट धोका) की परगावी निघणाऱ्यानं तारीख दोन दिवस अलीकडे ओढावी. 2019 आणि 2021 साली शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. जहाज कुणासाठी थांबत नाही. क्रू बदलायचा दिवस चुकला तर पुढची संधी पाच आठवड्यांनी. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठणं त्यातल्या त्यात बरं.

कागदपत्रांत सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), शेंगेन व्हिसा, वैद्यकीय दाखला आणि बुडत्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायच्या प्रशिक्षणाचा दाखला. यांतल्या कशाचीही मुदत फेरीच्या मधेच संपता कामा नये. बॅगेत लोकरीचे आतले कपडे. सुती बनियन घामानं भिजला की अंगावरच गार पडतो. हातमोजे दोन प्रकारचे: जाड ओढकामाला, पातळ कनेक्टर जोडायला. कांदा-लसूण चटणी चेक-इनच्या बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून.

कोल्हापुरात 'भूकंपीय सर्वेक्षण' म्हटलं की लोकांना 1967ची कोयना आठवते. त्याचा याच्याशी संबंध एवढाच की दोन्हीकडे लहरी जमिनीतून जातात. माठ घेताना टिचकी मारून आवाज ऐकतात, तसा हा प्रकार. जहाजामागं पाण्यात दाबाखालची हवा एकदम सोडायची, तो धक्का तळाखालच्या थरांवरून परत येतो, आणि मागं ओढत नेलेल्या लांबलचक केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे माइक, तो टिपतात. परतीच्या वेळांवरून थरांचा नकाशा तयार होतो. भोक पाडायचं की नाही हे त्यानंतर ठरतं.

'ध्रुवीय' म्हणजे इथं फक्त उत्तर. अंटार्क्टिकात 1991च्या माद्रिद प्रोटोकॉलनं (अंमल 1998पासून) वैज्ञानिक संशोधन सोडून खनिजांशी संबंधित सगळ्या कामांना बंदी आहे. तिथं सीझमिक होतं, पण तेलासाठी नाही.

दिवस 2 ते 3

मुंबई, ऑस्लो, ट्रॉम्सो. 69.6 अंश उत्तर. सूर्य मावळत नाही. केबिनच्या खिडकीला पुठ्ठा लावायचा, एवढंच.

दिवस 4, ट्रॉम्सो बंदर

जहाजावर चढल्यावर पहिलं काम इमर्शन सूट. तो दोन मिनिटांत अंगावर चढला पाहिजे. चार अंशाच्या पाण्यात हाताची बोटं काही मिनिटांतच ऐकेनाशी होतात, मग चेन ओढणं जमत नाही. 1 जानेवारी 2017पासून पोलर कोड लागू आहे, त्यामुळे जहाजाचं ध्रुवीय प्रमाणपत्र आणि त्याच्या मर्यादांची वही ब्रिजवर असते. ती एकदा तरी वाचावी. यंत्रं कोणत्या तापमानापर्यंत चालायची हमी आहे ते त्यात लिहिलेलं असतं.

नॉर्वेच्या नियमाप्रमाणे सीझमिक जहाजावर मासेमारी जाणणारा अधिकारी असावाच लागतो. नवख्यांना हा माणूस उगाच बसलेला वाटतो. प्रत्यक्षात लाइन (शॉट मारत जायची सरळ वाट) वाचवतो तोच: कुणाचा ट्रॉलर कोणत्या दिशेला ओढतोय आणि लाँगलाइनच्या, म्हणजे लांब गळदोरीच्या, दोन टोकांचे झेंडे कुठं आहेत, हे रेडिओवर त्यांच्या भाषेत विचारणारा दुसरा कुणी जहाजावर नसतो.

या फेरीची मांडणी अशी: 8 स्ट्रीमर, म्हणजे हायड्रोफोनच्या केबल, प्रत्येकी 6000 मीटर, दोन स्ट्रीमरमधलं अंतर 100 मीटर, हायड्रोफोनचे गट दर 12.5 मीटरला. म्हणजे एका केबलवर 480 चॅनेल, आठांचे मिळून 3840. हवा सोडणाऱ्या गनच्या दोन रांगा, 50 मीटर अंतरावर, आळीपाळीनं उडणाऱ्या. प्रत्येकीचं आकारमान सुमारे 4100 घनइंच. दर 18.75 मीटरला एक शॉट. क्षेत्र 800 चौरस किलोमीटर, 74 अंशांच्या आसपास, बेअर आयलंडच्या पूर्वेला. 74 अंश 30 मिनिटांच्या उत्तरेचा नॉर्वेचा बॅरेंट्स समुद्र तेलासाठी खुलाच केलेला नाही.

दिवस 5, प्रवासात

ट्रॉम्सोपासून साधारण 24 तास. हा दिवस झोपण्यात घालवणारे पुढं आठवडाभर पस्तावतात.

पहिली गोष्ट होकायंत्रं. केबलवर दर 300 मीटरला 'बर्ड' लावतात, पंखांचं छोटं यंत्र. ते केबलला ठरल्या खोलीवर धरून ठेवतं, आणि त्यातलं चुंबकीय होकायंत्र केबलची दिशा सांगतं. इथं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आडवी ओढ कोल्हापूरच्या तुलनेत जेमतेम पाव भरते. सुई सुस्तावते, आणि शेजारचा बॅटरीचा किंवा स्टीलचा तुकडाही तिला फितवतो. म्हणून केबलचा आकार ठरवताना भर ध्वनिक अंतरमापनावर आणि टेलबॉयच्या (केबलच्या शेपटीला बांधलेला तरंगता बोया) जीपीएसवर द्यायचा, होकायंत्राला दुय्यम वजन.

जीपीएसचीही एक खोड आहे. उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी 55 अंश कललेल्या असतात. 74 अंशांवर ते डोक्यावर येत नाहीत, चहूबाजूंनी खाली फिरतात. आडवी जागा बरी मिळते, उंची डळमळते. दुरुस्तीचे संकेत पाठवणारे भूस्थिर उपग्रह तर दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम सात अंश वर. जहाज उत्तरेकडे तोंड करून चाललं की आपलंच धुराडं मधे येतं. दुरुस्ती दोन वेगळ्या वाटांनी घेतलेली असेल तरच लाइन तुटत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याचं मोजमाप: तापमान, क्षारता, खोली. हा कोपरा म्हणजे ध्रुवीय आघाडी. अटलांटिकचं कोमट खारं पाणी आणि उत्तरेचं गार, कमी खारं पाणी इथं एकमेकांना भिडतात. वितळत्या बर्फाचं पाणी वरच्या 10-20 मीटरात पसरलेलं असतं. 4 अंश आणि 35 क्षारतेला (किलोमागं 35 ग्रॅम मीठ) ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1466 मीटर. शून्य अंश आणि 34 क्षारतेला 1448. फरक सव्वा टक्का. 100 मीटर अंतर ध्वनीनं मोजताना तेवढ्यानं मीटरभर चूक होते.

ध्रुवीय सीझमिक म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. बर्फ बहुतेकदा रडारवर दिसतो. गोडं पाणी दिसत नाही, आणि केबल बुडवतं तेच.

दिवस 6 ते 7, केबल सोडणे

आधी टेलबॉय, मग त्याच्यामागं रिळावरून केबल, 150 मीटरच्या 40 तुकड्यांची. बाहेरच्या केबल आधी, आतल्या नंतर. दोन्ही कडांना पॅराव्हेन, म्हणजे पाण्यात उभे धरलेले पोलादी पंख. ते बाहेर ओढतात म्हणून केबल 700 मीटर पसरून राहतात. गन शेवटी. एका केबलला साधारण पाच तास. मधे एखादा तुकडा गळका निघाला तर परत गुंडाळा.

प्रत्येक तुकडा पाण्यात जाण्याआधी हातानं बघायचा. डेकच्या कडेला उभं राहिलं की साठ मिलीमीटर जाडीची पिवळी केबल समोरून सरकत असते, मिनिटाला वीसेक मीटर. बर्ड लावायची कॉलर आली की विंच थांबते. कनेक्टरच्या खाचेत मिठाचा पांढरा दाणा अडकला असेल तर तो दाताच्या ब्रशनं काढायचा, फुंकून नाही. फुंकरेतली वाफ थंड धातूवर लगेच ओल होऊन बसते आणि इन्सुलेशनची मापं दोन दिवसांनी पडायला लागतात. बर्डच्या लिथियम बॅटऱ्यांचं व्होल्टेज डेकवरच्या थंडीत मोजायचं. केबिनच्या उबेत मोजलं तर फसवं येतं.

केबलचं वजन पाण्याइतकंच हवं. ना तरंगायला हवी, ना बुडायला. त्यासाठी शिशाच्या पट्ट्या टेपनं बांधतात. कालच्या मोजमापावरून हिशेब केला: 60 मिलीमीटर जाडीला मीटरमागं 2.8 लिटर, 150 मीटरच्या तुकड्याला सुमारे 424 लिटर. गोडसर पाणी घनमीटरमागं 2 किलोनं हलकं असेल तर तुकडा तिथं 850 ग्रॅमनं जड ठरतो. पूर्ण केबलला 34 किलो. अटलांटिकच्या पाण्यात बरोबर तोललेली केबल इथं जडच होणार, हे धरून काही शिसं आधीच उतरवलं.

दिवस 8, पहिली लाइन

लाइन 40 किलोमीटर, म्हणजे कोल्हापुरातून पन्हाळ्याला जाऊन परत यावं इतकी. वेग 4.5 नॉट, ताशी 8.3 किलोमीटर, पावणेपाच तास. शॉट दर 8.1 सेकंदांनी आणि रेकॉर्ड 6 सेकंदांचं, त्यामुळे दोन शॉटच्या मधे दम घ्यायला दोनच सेकंद. एका शॉटची माहिती सुमारे 46 मेगाबाइट. न थांबता चाललं तर दिवसाला 490 गीगाबाइटच्या घरात.

हवेचा दाब 2000 पीएसआय. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर 150 दिसतात, त्यावरून अंदाज करा. एका शॉटला 67 लिटर हवा 138 बारनं लागते. मोकळ्या हवेत ती नऊ हजार लिटरांवर भरते. मिनिटाला सातहून जास्त शॉट, म्हणजे कंप्रेसरनं मिनिटाला जवळपास 69 घनमीटर हवा द्यायला हवी. एक कंप्रेसर बसला तर सगळी लाइन बसते.

गन एकाच मापाच्या नसतात. मोठ्या-लहान मुद्दाम मिसळतात, कारण हवेचा बुडबुडा पाण्यात फुगतो-आवळतो आणि प्रत्येक वेळी नवा आवाज काढतो. मापं वेगळी असली की बुडबुड्यांचे ठोके एकमेकांना मारतात, पहिला ठोका तेवढा एकत्र पडतो. त्यासाठी सगळ्या गन एक मिलीसेकंदाच्या आत उडायला हव्यात.

सुरुवात सॉफ्ट स्टार्टनं: सर्वांत लहान गन आधी, मग हळूहळू भर घालत पूर्ण ताकद. ब्रिटनच्या जेएनसीसी या निसर्गसंवर्धन सल्लागार संस्थेच्या नियमावलीत हे किमान 20 मिनिटं चालतं, आणि त्याआधी 500 मीटरच्या घेऱ्यात सस्तन प्राणी नाही याची खातरजमा करावी लागते. 24 तास उजेड असल्यानं इथं निरीक्षकाला निदान दिसतं तरी. धुकं आलं की तो फायदाही गेला.

वळण घेताना उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आठवावा. पुढचा फिरला तरी मागची ट्रॉली आपल्या वाटेनं आतून कापत येते. इथं ट्रॉली 6 किलोमीटरची. म्हणून लगेच शेजारची लाइन घेत नाहीत, काही किलोमीटर पलीकडची घेतात आणि लांबट फेरे मारतात. वळणाला तीन तास. एका फेऱ्यात 400 मीटर रुंदीचा पट्टा पदरात पडतो, दिवसात तीन लाइन, 48 चौरस किलोमीटर. कागदावर 800 चौरस किलोमीटर सतरा दिवसांत होतात.

दिवस 9

पहाटे तीनला (पहाट म्हणायची ती घड्याळापुरती) पूर्वेकडच्या टोकाला केबल 3, 4 आणि 5च्या शेपटीकडचा भाग 15 मीटरवरून 19 वर गेला. बर्डचे पंख कमाल कोनात, तरी चढेना. वेगाचा काटा 4.5 दाखवत होता, पण तो जमिनीसापेक्ष. प्रवाह पाठीमागून होता, पाण्यातून वेग 3.9च भरत होता. बर्डच्या पंखांना उचल मिळते ती पाण्यातल्या वेगातून. गोडं पाणी आणि मागचा प्रवाह, दोन्ही एकदम.

वेग वाढवला तर शॉटमधलं अंतर राखायला शॉट लवकर येतात आणि मधले जेमतेम दोन सेकंद आणखी आटतात. उपाय उरला तो लाइन सोडून द्यायचा. सोडली. वर्कबोट उतरवून तीन केबलवरच्या शेवटच्या बारा तुकड्यांतून प्रत्येकी किलोभर शिसं काढलं. लाट दीड मीटरच्या आत होती म्हणून जमलं.

खोली चार मीटरनं चुकली तर बिघडतं काय? समुद्राचा पृष्ठभाग आरशासारखा वागतो. वर गेलेली लहर उलटी होऊन केबलवर परत येते आणि काही वारंवारिता पुसून टाकते. ध्वनीचा वेग भागिले खोलीची दुप्पट, हे पुसल्या जाणाऱ्या वारंवारितेचं, म्हणजे खाचेचं, सूत्र. 15 मीटरवर खाच 49 हर्ट्झला पडते, 19 मीटरवर 38 ला. शेजारच्या केबलची खाच एका जागी आणि हिची दुसरीकडे असेल तर नकाशावर लाइनच्या दिशेनं पट्टे उमटतात, जे जमिनीत नाहीतच. आता प्रक्रियेत हे भूत बरंचसं काढता येतं, पण खोली नक्की ठाऊक असेल तर.

दिवस 10 ते 12

वारा. लाट साडेतीन मीटर. 10 हर्ट्झच्या खालचा गोंगाट मर्यादेबाहेर. केबल जास्त खोल धरून तग धरला. दुसऱ्या सीझमिक जहाजाचे शॉटही दिसत होते. कडक तळामुळे इथं आवाज फार लांबवर जातो. वेळ वाटून घ्यावी लागली, तुम्ही सहा तास, आम्ही सहा तास. लाइन शून्य.

दिवस 13, गन डेकवर

दुसऱ्या रांगेतली एक गन आपोआप उडायला लागली. आपोआप उडणं म्हणजे लाइन तिथंच संपली. सुटी हवा कधीही सुटली तर बाकीच्या शॉटचा हिशेब कोलमडतो. रांग वर घेतली.

नियम एकच, आणि त्याला अपवाद नाही: डेकवर आलेल्या गनमध्ये दाब नको. हवेची लाइन बंद, हवा सोडा, गेज शून्य, दुसरा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप, मग पाना. हवा सोडताना व्हॉल्व्हवर बर्फाचा पांढरा थर चढतो, कारण 138 बारवरून एकदम पसरलेली हवा भयंकर गार होते. हवेत ओल राहिली असेल तर तीच गनच्या आत बर्फ होते.

गन उघडली. शटल म्हणजे आतला पुढंमागं सरकणारा भाग, उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरला पाहताक्षणी कळेल असा. त्याच्या कडेला राखाडी ग्रीसमध्ये साखरेसारखे बर्फाचे कण, आणि सीलच्या रबरी रिंगवर नखाएवढी चीर. क्रम लक्षात आला: कंप्रेसरचा पाणी काढायचा सापळा वेळेवर रिकामा झाला नाही, ओल हवेच्या लाइनमध्ये गेली, शटल अर्धवट बसलं, रिंग चिरडली. फक्त रिंग बदलली असती तर दोन दिवसांत तेच पुन्हा. सापळे दर तासाला रिकामे करायचं वेळापत्रक लावलं, ड्रायरचा माल बदलला. गन पाण्यात असताना काम थांबलं तरी त्यात थोडा दाब ठेवायचा, नाहीतर पाणी आणि गाळ आत शिरतात.

दिवस 16, बर्फ

रोजचा बर्फनकाशा आणि उपग्रहाच्या रडारची चित्रं पाहून बर्फाच्या तुकड्यांची वाट आखतात. मोठे हिमनग सोपे. त्रास ग्राउलरचा: मोटारीएवढा, पाण्यावर मीटरभर वर, लाटांत रडारला न दिसणारा. तो टेलबॉयला लागला तर दोराच गेला. सपोर्ट बोट दोन मैल पुढं ठेवली. सैबेरियातल्या नद्यांतून वाहत आलेले ओंडकेही या समुद्रात सापडतात, तेही तितकेच वाईट.

खऱ्या बर्फाच्या चादरीत ही आठ केबलची मांडणी चालतच नाही. 2008 ते 2011 दरम्यान कॅनडा बेसिनमध्ये अमेरिकेचं हीली आणि कॅनडाचं लुई एस. सेंट लॉरेंट या दोन आइसब्रेकरनी मिळून काम केलं, तेही तेलासाठी नाही, सागरी हद्दीच्या दाव्यासाठी. एकानं बर्फ फोडायचा, दुसऱ्यानं मागून आखूड केबल आणि मोजक्या गन थेट डेकखाली खोलवर ओढायच्या. टेलबॉय नाही; बर्फानं तो केव्हाच कापला असता. जहाज अडकलं की वेग शून्य, आणि केबल सरळ खाली लोंबते. स्ट्रीमरला लावलेले फुगे 50 मीटरच्या आसपास दाब ओळखून आपोआप फुगतात आणि केबल वर आणतात. पण वर बर्फ असेल तर फुगा वर येऊन करणार काय?

दिवस 20, पडद्यावर

पहिले कच्चे छेद. इथला तळ कडक; वरचा शेकडो मीटर, काही ठिकाणी किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त थर हिमयुगांनी आणि उत्थानानं खरवडून नेलेला. तळावर हिमनगांनी नांगरलेल्या चऱ्या. 300 मीटर पाण्यात लहर तळावरून येऊन पुन्हा वर आपटते, प्रत्येक फेऱ्याला 0.41 सेकंद, आणि हेच खोटे थर खालच्या खऱ्या थरांवर चढून बसतात. आपल्या पायाखालचा काळा पाषाणही लहरींना असाच छळतो. दख्खनच्या बेसाल्टखाली पाहणं अवघड ते याच कारणानं.

दुसरी अडचण जास्त जवळची. याच समुद्रात 2013 साली सापडलेल्या विस्टिंग तेलक्षेत्रात तेल तळाखाली अवघ्या 250 मीटरांवर आहे. इतकं उथळ लक्ष्य बघायला गन आणि पहिला हायड्रोफोन जवळ हवेत. आपल्या मांडणीत पहिलं अंतर दीड-दोनशे मीटर, आणि कडेच्या केबलला बाजूचे साडेतीनशे मीटर वेगळेच. उथळ भाग कडेला विरळ दिसतो. 2017मध्ये लोप्पा हायवर (याच समुद्रातला भूगर्भीय उंचवटा) गन थेट केबलच्या डोक्यावर नेऊन हा प्रश्न सोडवायची पद्धत वापरली गेली. दुसरं जहाज लागतं, खर्च वाढतो, पण उथळ कडक तळाला तीच योग्य. जुन्या मांडणीनं काम काढणं म्हणजे चष्मा घरी ठेवून वाचायला बसणं.

दिवस 27 ते 30

इनफिल. प्रवाहानं केबल तिरकी वाहिली तिथं पट्ट्यांत भोकं राहतात, त्यावरून परत. सतरा दिवसांचं काम तेवीसवर गेलं: वारा तीन, शिसं आणि गन मिळून दोन, मासेमारी एक.

दिवस 31 ते 33, आवराआवर

आधी गन, मग केबल. येताना प्रत्येक तुकड्यावरच्या शिशाच्या पट्ट्या मोजून वहीत: केबल 4, तुकडा 33, एक पट्टी, तुकडा 34, काही नाही. पुढच्या क्रूला द्यायच्या कागदावर तारखेच्या शेजारी सगळ्यात वरचा रकाना पाण्याच्या घनतेचा ठेवला, तीन दशांश स्थळांपर्यंत, पूर्व टोकाचा आणि पश्चिम टोकाचा वेगळा.

दिवस 37, कोल्हापूर

राजाराम बंधारा, सकाळी आठ: 31 फूट, उतरती.